ॲडमिट करायची वेळ येते तेव्हा



व्याख्यानासाठी विषय कळवा, असा निरोप आला तेव्हा मी हाच विषय कळवला. संयोजकांनी तो बदलायला सांगितला नाही, पत्रिकेवर तसाच छापला, याबद्दल मी त्यांची मनापासून आभारी आहे. मानसिक आरोग्यावर आता भाषणं बरीच होतात. ताण, झोप, परीक्षेची भीती, मुलांच्या हातातला मोबाइल यांवर शाळेपासून बँकेपर्यंत सगळीकडे बोललं जातं, आणि ते बोललं जायलाच हवं. पण ज्या घरातला मुलगा तीन रात्री झोपलेला नाही, जेवणात विष कालवलंय म्हणून ताटाला हात लावत नाही, बहिणीच्या अंगावर धावून गेलाय, त्या घराला ही भाषणं पुरत नाहीत. आज रात्री याला कुठे न्यायचं, एवढंच त्या घराला हवं असतं. सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात मी समाजसेवा अधीक्षक म्हणून नोकरी केली. माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसणाऱ्या बहुतेकांचा प्रश्न हाच असे.

छातीत कळ आली तर कुठे जायचं हे रिक्षावाल्यालाही ठाऊक असतं. मनाच्या आजारात आधी लपवालपवी होते, मग अंगारेधुपारे, मग 'लग्न करून द्या, सुधारेल' म्हणून एका परक्या मुलीचा बळी. हे सगळं करून दमलेलं घर जेव्हा दवाखान्याच्या शोधाला लागतं, तेव्हा त्याच्याकडे ना पैसा उरलेला असतो ना धीर. म्हणून ते विचारतात, "मॅडम, एखादी चांगली जागा सांगा ना, ठेवायला." खर्च किती, गावापासून लांब आहे ना, मारत तर नाहीत ना, हेही विचारतात. 'घरी कधी सोडतील' हे विचारणारे फार थोडे. आणि माझं म्हणणं असं आहे, की जागा शोधताना पहिला प्रश्न हाच असला पाहिजे. ज्या जागेकडे या प्रश्नाचं उत्तर नाही, ती कितीही स्वच्छ असो, झाडीत असो, एसी असो, तिथे आपलं माणूस नेऊ नये.

आधी हे सांगते, की मनाचा आजार झालेल्या बहुतेकांना ॲडमिट व्हावं लागतच नाही. ओपीडीत येऊन, गोळ्या घेऊन, समुपदेशन घेऊन ते बरे होतात, नोकरी करतात, संसार करतात. दाखल करण्याची वेळ येते ती जिवाला धोका असेल तेव्हा: माणूस आत्महत्येचं बोलतोय किंवा प्रयत्न करून बसलाय, दुसऱ्याला इजा करण्याच्या बेतात आहे, किंवा त्याचं खाणंपिणं, अंघोळ, रस्ता ओलांडणं इतकं बिघडलंय की सोडलं तर तो मरेल. कधी दारू एकदम बंद केल्यावर फिट येतात, भास होतात, तेव्हाही. अशा दाखल होण्याचा काळ साधारण दोन ते चार आठवड्यांचा असतो. औषधाचा डोस बसवायचा, झोप रुळावर आणायची, घरच्यांना आजार समजावायचा आणि घरी पाठवायचं. दाखल होण्याचं काम एवढंच. पुनर्वसन केंद्र, हाफवे होम (रुग्णालय आणि घर यांच्यामधला मुक्काम), व्यसनमुक्ती केंद्र या वेगळ्या गरजा आहेत. उन्माद चढलेल्या मुलीला कुणी पुनर्वसन केंद्रात नेलं तर तिथे तिच्यावर तातडीचे उपचार होणार नाहीत. आणि ज्याचा आजार आटोक्यात आहे पण दहा वर्षांत हातात काम नाही, त्याला तातडीच्या उपचारांच्या वॉर्डात ठेवलं तर तो वॉर्डातच राहायला शिकेल. म्हणून आधी डॉक्टरांकडून समजून घ्या, की आत्ता गरज कशाची आहे.

आता जागा. महाराष्ट्रात सरकारची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. नागपूरचं 1864 चं, रत्नागिरीचं 1886 चं, ठाण्याचं 1901 चं आणि येरवड्याचं विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. येरवड्यात मंजूर खाटा 2540, ठाण्यात 1850, नागपुरात 940 आणि रत्नागिरीत 365. सगळ्या मिळून 5695. चारही इंग्रजांनी बांधलेली. मराठवाड्याच्या वाट्याला या चारांतलं एकही आलं नाही. लातूर-नांदेडकडची माणसं रात्रभराचा प्रवास करून येरवड्याला येतात, तेव्हा पेशंटच्या हाताला उपरणं बांधलेलं असतं आणि त्याच्या आईने दोन दिवस काही खाल्लेलं नसतं, हे मी पाहिलंय. एवढ्या लांब आणलेल्या माणसाला भेटायला दर आठवड्याला कोण येणार? भेटी थांबतात, त्या केवळ घरच्यांचं प्रेम आटलं म्हणून नव्हे. एसटीचं भाडं आणि बुडालेली रोजंदारी हीही त्याची कारणं आहेत.

म्हणून माझा आग्रह असतो, की आधी जवळच्या जनरल हॉस्पिटलात बघा. मनोविकाराचा वॉर्ड सर्वसाधारण रुग्णालयात असावा, हा विचार आपल्याकडे नवा नाही. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात 1933 साली गिरींद्रशेखर बोस यांनी असा विभाग सुरू केला आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1938 साली डॉ. के. के. मसानी यांनी. आज सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत, मुंबईत केईएम, नायर, सायनला असे वॉर्ड आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयातही 10 खाटा धरलेल्या आहेत. त्या प्रत्यक्षात किती चालू असतात हे जिल्ह्यागणिक बदलतं, पण चौकशी करण्याचा हक्क तुमचा आहे. जनरल हॉस्पिटलचा आणखी एक फायदा असा, की शेजारी विचारतील तेव्हा 'सिव्हिलला ॲडमिट आहे' एवढंच सांगता येतं, आणि पुढे त्या मुलीच्या लग्नाच्या वेळी, त्या मुलाच्या नोकरीच्या वेळी या एका वाक्याने फार फरक पडतो. तो पडू नये असं मला वाटतं, पण पडतो. गोव्यातल्या मंडळींसाठी बांबोळीची मनोविकार व मानवी वर्तणूक संस्था आहे. मुळात ती संमोहनाचा अभ्यास करणाऱ्या आबे फारिया या गोमंतकीयाच्या नावाने पणजीत सुरू झालेली. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर 14416 हा 'टेली-मानस'चा सरकारी नंबर आहे. 2022 च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. जवळ कुठे वॉर्ड आहे हे तिथेही विचारता येतं.

आता कायद्याबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण माझ्या अनुभवात घरच्यांची सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते.

2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 2018 पासून लागू आहे. पूर्वी माणसाला दाखल करायचं तर कोर्टाचा हुकूम, पोलीस, पंच असा मामला असे. ठाण्याला पाठवलं म्हणजे माणूस गेलाच, असं लोक समजत, ते त्या काळामुळे. आजच्या कायद्यात दाखल होण्याचा पहिला मार्ग म्हणजे स्वतःहून दाखल होणं. पेशंट स्वतः सही करतो आणि जायचं म्हणाला तर त्याला सोडावं लागतं. जिवाला धोका दिसत असेल तर पुन्हा तपासणीसाठी फार तर 24 तास थांबवता येतं. दुसरा मार्ग कलम 89 चा. आजारामुळे त्याला निर्णय घेता येत नाही आणि धोका तर समोर आहे, तेव्हा त्याने नेमलेला किंवा कायद्याने ठरलेला प्रतिनिधी अर्ज करतो. एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा तज्ज्ञ किंवा डॉक्टर, असे दोघं जण त्याला वेगवेगळे तपासतात. तपासणी दाखल होण्याच्या दिवशी किंवा त्याआधीच्या सात दिवसांत झालेली असावी लागते. दाखल करावं असं दोघांचंही मत पडलं तरच दाखल, आणि तेही जास्तीत जास्त 30 दिवसांसाठी. स्त्री किंवा अल्पवयीन मूल असेल तर तीन दिवसांत, इतरांच्या बाबतीत सात दिवसांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावं लागतं. 30 दिवसांपुढे ठेवायचं तर मंडळाची परवानगी हवी: आधी 90 दिवस, मग 120, मग दर वेळी 180. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी विचारतं, की याला अजून आत का ठेवलंय? या माणसाने आयुष्यभर आत राहावं, असं ठरवण्याचा अधिकार कायद्याने कुणालाच दिलेला नाही: ना डॉक्टरला, ना नवऱ्याला, ना भावाला.

हे माहीत नसल्यामुळे काय होतं ते सांगते. एक फोन केला की गाडी येते. चार दांडगे घरात शिरतात, माणसाला धरून गुंगीचं इंजेक्शन देतात आणि उचलून नेतात. पावती मिळते, पत्ता नीट मिळत नाही. पहिला महिना फोन नाही, भेट नाही, 'पेशंटला त्रास होतो' म्हणून. व्यसनमुक्तीच्या नावाखाली हे सर्रास चालतं. घरचे दमलेले असतात, तेही म्हणतात, निदान झोप तरी मिळेल. त्यांना मी दोष देत नाही. पण तो माणूस बाहेर येतो तेव्हा घरच्यांवरचा त्याचा विश्वास पार उडालेला असतो. पुढची दहा वर्षं तो गोळीला हात लावत नाही, कारण औषध म्हटलं की त्याला ते चार दांडगे आठवतात. व्यसनाचे उपचार असे करावे लागत नाहीत, हे पुण्याच्या मुक्तांगणने दाखवून दिलेलं आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली ते येरवडा मनोरुग्णालयाच्याच आवारात सुरू केलं. स्वतःहून आलेल्या माणसाला विश्वासात घेऊन, ठरलेल्या मुदतीत, घरच्यांना सोबत धरून हे काम होतं, हे तिथून बाहेर पडलेल्या कितीतरी लोकांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलंय.

जागा बघायला जाल तेव्हा ऑफिसात बसून परत येऊ नका. नोंदणी प्रमाणपत्र मागा. राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंद नसलेल्या ठिकाणी मनोरुग्ण ठेवणं बेकायदा आहे, मग ते आश्रम म्हणवून घेत असोत की योगकेंद्र. मग संडास बघा. खरंच बघा. दाराला कडी आहे की दारच नाही? पाणी आहे का? बायकांच्या बाजूला सॅनिटरी पॅड कोण देतं, आणि मागावं लागतं का? रात्री ड्यूटीवर सिस्टर किती आणि बाईमाणूस आहे की नाही? मनोविकारतज्ज्ञ रोज येतात की आठवड्यातून एकदा फेरी मारतात? आणि आतल्या माणसांची डोकी बघा. सगळ्यांचे केस सारखे भादरलेले दिसले तर तिथून निघा. आपल्या कायद्यात हे अगदी शब्दांत लिहिलेलं आहे: सक्तीने डोकं भादरायचं नाही, स्वतःचे कपडे घालू द्यायचे, गणवेशाची सक्ती करायची नाही, काम जबरदस्तीने करून घ्यायचं नाही, केलं तर मोबदला द्यायचा. संसदेच्या कायद्यात केसांबद्दल लिहावं लागलं, यावरून आधी काय चालत होतं ते लक्षात येईल. साखळीने बांधण्याला पूर्ण बंदी आहे. भूल न देता शॉक द्यायलाही बंदी आहे. भूल देऊन, नीट तपासून दिलेला शॉक, म्हणजे ईसीटी, हा तीव्र नैराश्यावरचा जीव वाचवणारा उपचार आहे. सिनेमात दाखवतात तसं काही त्यात नसतं. त्याला घाबरून नकार देऊ नका, पण भूलतज्ज्ञ कोण, हे विचारा.

साखळीबद्दल आणखी बोलायला हवं. 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे तमिळनाडूत एरवाडी इथे दर्ग्याजवळच्या एका खाजगी मनोरुग्ण आश्रमाला आग लागली. झावळ्यांची शेड होती आणि आतली माणसं साखळ्यांनी बांधलेली होती. त्यांना पळता आलं नाही. 28 जण गेले. त्यांच्यातल्या बहुतेकांना त्यांच्या आईबापांनी, भावांनीच तिथे आणून सोडलं होतं, दर्ग्यात गुण येईल या आशेने, महिन्याचे पैसे भरून. वाईट माणसं नव्हती ती. आत काय आहे हे बघू दिलेलं नव्हतं, किंवा बघवत नव्हतं म्हणून त्यांनी पाहिलं नव्हतं. भेटायला, फोन करायला आडकाठी करणाऱ्या जागेचा मला एवढा धसका आहे तो यामुळे. फोनवर बोलण्याचा, भेटीचा, पत्राचा हक्क पेशंटला कायद्याने दिलेला आहे.

घरचं माणूस सोबत राहावं की नाही, याबद्दल दोन मतं आहेत. माझं मत स्पष्ट आहे. 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला बोलावलं. नातेवाईक राहिले, आजार डोळ्यांनी पाहिला, औषधाने उतरतो हेही पाहिलं, आणि आपलं माणूस घेऊन घरी गेले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने हीच पद्धत धरली. आमच्याकडे वॉर्डात सोबत राहणं सक्तीचं असे. लोक कुरकुरत, आणि कुरकुरीत तथ्य होतं, कारण राहणारी बहुतेक वेळा आईच असे, बापाला सुट्टी नसे. पण चौथ्या-पाचव्या दिवशी त्या आईच्या चेहऱ्यात फरक दिसे. शेजारच्या खाटेवरची बाई तिला सांगायची, "माझापण असाच होता, आता बघा, स्वतःचा चहा स्वतः घेतो." आमच्या कुठल्याही समुपदेशनापेक्षा त्याचा गुण जास्त यायचा. लहान मुलांच्या बाबतीत तर कायदाच सांगतो, की पालक सोबत हवेत आणि मुलांना मोठ्यांच्या वॉर्डात ठेवायचं नाही.

आत जातानाचा अर्धा तास जपायला हवा. सिस्टर बॅग उघडते. पट्टा, ब्लेड, चार्जरची वायर, सलवारची नाडी, ओढणी बाजूला काढते. बांगड्या, मंगळसूत्र काढून रजिस्टरमध्ये लिहून घरच्यांच्या हाती देते. जिवाच्या काळजीने चाललेलं हे काम पेशंटला झडतीसारखं वाटतं. सांगून केलं, बसवून, पाणी देऊन केलं तर माणूस सहन करतो. घरच्यांनी त्या वेळी कॉरिडॉरमध्ये उभं राहू नये, आत यावं. आणि 'फिरायला जायचंय' असं खोटं सांगून तर मुळीच आणू नये. "तू आजारी आहेस, आम्हाला भीती वाटते, डॉक्टरांना दाखवतोय, आम्ही इथेच आहोत," असं सांगा. तो चिडेल, पण नंतर आठवेल ते हेच वाक्य.

पैशाचं थोडक्यात सांगते. दारिद्र्यरेषेखालच्या, निराधार, बेघर माणसाला सरकारी ठिकाणी उपचार मोफत आहेत, कार्ड असो वा नसो. आरोग्य विमा असेल तर शरीराच्या आजाराला जसं संरक्षण तसंच मनाच्या आजाराला, असं याच 2017 च्या कायद्याचं कलम 21 सांगतं. पॉलिसीत मर्यादा घातलेल्या असतात, त्या आधी वाचा. दावा नाकारला तर लेखी कारण मागा आणि विमा लोकपालाकडे जा.

आता घरी परतण्याकडे येते. चारही मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षं राहिलेली माणसं आहेत. आजार कधीच आटोक्यात आलेला आहे. स्वतःची कामं स्वतः करतात, इतरांना जेवण वाढतात. घरी पत्र गेलं तर 'पत्ता सापडत नाही' म्हणून परत येतं. घर सापडलं तर रेशनकार्डावरचं नाव कमी झालेलं असतं, सातबाऱ्यावर भावांची नावं लागलेली असतात, बायकोने दुसरं लग्न केलेलं असतं. त्याच कायद्याचं कलम 19 म्हणतं, की घरचे घेत नाहीत किंवा बाहेर सोय नाही, एवढ्या कारणावरून कुणाला मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. मग ठेवायचं कुठे? 2019 साली सर्वोच्च न्यायालयासमोर आलं, की महाराष्ट्रात अशा बऱ्या झालेल्या माणसांना भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवलं जात आहे. ते थांबवा, असं न्यायालयाने बजावलं. हाफवे होम आणि आधाराची घरं उभी करणं हे सरकारचं कायदेशीर काम आहे, उपकार नाहीत. नवं मनोरुग्णालय बांधण्यापेक्षा जिल्ह्याजिल्ह्यात दहा-दहा माणसांची अशी घरं झाली तर या 5695 खाटाच पुरतील, असं माझं ठाम मत आहे. आमदार मतं मागायला येतील तेव्हा रस्त्याबरोबर हेही मागा.

घरी परत पाठवणं अशक्य आहे, हेही मला मान्य नाही. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेत डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्णांवर उपचार करतात आणि मग त्यांना त्यांच्या गावी नेऊन पोहोचवतात, बिहार, ओडिशा, कुठेही. डॉ. भरत वाटवानींना 2018 साली मॅगसेसे मिळालं ते याच कामासाठी. बेपत्ता म्हणून ज्याची आशा सोडली, तो माणूस दारात उभा राहिल्यावर त्याला परत घेणारी घरं या देशात पुष्कळ आहेत, हे त्यांच्या कामावरून दिसतं.

तुमच्या माणसाचा डिस्चार्ज ठरेल तेव्हा घाई करू नका. गोळ्यांची नावं आणि वेळा मराठीत लिहून घ्या. ती गोळी तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळते का, ते निघण्याआधी फोन करून विचारा. लिथियम चालू असेल तर रक्ताची तपासणी कधी आणि कुठे, ते लिहून घ्या. पुढची तारीख घ्या, आणि त्या दिवशी सोबत कोण येणार ते घरात आजच ठरवा. झोप मोडायला लागली तर कितव्या दिवशी फोन करायचा, हे डॉक्टरांना विचारा आणि पेशंटलाही सांगा. पुन्हा कधी वेळ आली तर मला कुठे न्यायचं, कुठे न्यायचं नाही, माझ्या वतीने कुणी बोलायचं, हे बरं असताना लिहून ठेवण्याचा हक्क कायद्याने त्याला दिलाय. ते त्याच्याकडून लिहून घ्या. त्याच्याबद्दलचा निर्णय निदान पुढच्या वेळी त्याचा असेल.

ज्यांच्या घरात आज हा प्रश्न आहे, त्यांच्यासाठी संयोजकांनी वाचनालयाची मागची खोली उघडी ठेवली आहे. मी तिथे बसते. नाव-गाव सांगायची गरज नाही.